अनुभव धागा : ‘आमच्याकडे सगळं आहेच’ म्हणणारी माणसं

कोकणात राहणाऱ्याला, कोकणातून बाहेर गेलेल्याला आणि बदलीवर इथे आलेल्याला एक माणूस हमखास भेटलेला असतो. तो स्वतःवर खूश असतो. त्याचा आंबा, त्याची हवा, त्याचं घराणं, मुंबईत काढलेली वर्षं, यातलं काही ना काही त्याला पुरेसं असतं आणि त्यापलीकडे त्याला कुणाला काही विचारायचं नसतं. बढाई मारणारा वेगळा. त्याला टाळी हवी असते, म्हणून तो निदान समोरच्याकडे बघतो तरी. मी म्हणते त्या माणसाला तीही गरज उरलेली नसते.

या विषयावर धागा काढावा असं फार दिवस मनात होतं, कारण ही वृत्ती फक्त खटकणारी नाही, ती महागात पडते. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं आणि रोठा सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ‘वादळं तिकडे ओडिशाला, आपल्याकडे नुसता पाऊस’ हे मी शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकत होते. २००९ चं ‘फयान’ वादळ त्यांच्याच आयुष्यात येऊन गेलेलं होतं.

तेव्हा लिहा. घरातलं, ऑफिसातलं, जत्रेतलं, टीव्ही-मोबाइलवरचं, काहीही चालेल. नावं नकोत. ‘अमका फार शिष्ट आहे’ एवढंच नको, त्याने काय केलं आणि कुणाला काय भोगावं लागलं ते सांगा. एखाद्या गावावर किंवा जातीवर घसरू नका. अनुभव माणसांचे आहेत, त्यांचेच राहू द्या.

ओहोळ, लांजा

थोडक्यात लिहितो. आमच्या वाडीत कुणीही पाहुणा आला की ‘पाऊस बघावा तर आमच्याकडे’ हे वाक्य ठरलेलं. खोटंही नाही, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पण एप्रिल संपताना विहीर तळाला जाते आणि मे महिन्यात टँकरची वाट बघतो आम्ही. कातळावर पडलेलं पाणी ओढ्याने खाडीला जातं, मुरत नाही. ग्रामसभेत बंधाऱ्याचा विषय निघाला की ज्येष्ठ मंडळी हसून म्हणतात, ‘पाण्याला काय कमी आहे आपल्याकडे?’ हे बोलणाऱ्यांच्या घरात पाणी भरणाऱ्या बायका वेगळ्या असतात. त्या ग्रामसभेला आलेल्या नसतात.

बालाघाट, सध्या राजापूर

मी मूळचा लातूरकडचा, शिक्षक. इथल्या माणसांनी मला पुष्कळ दिलं आहे, हे आधी सांगतो. आजारपणात शेजारच्या वहिनींनी महिनाभर पेज पाठवली, पैशाचं नाव काढू दिलं नाही.

पण एका गोष्टीचा त्रास होतो. इथे एखादा दुकानदार वर न बघता ‘नाहीये’ म्हणतो. वस्तू मागच्या फळीवर दिसत असते. तुम्ही बोट दाखवलं तर ‘ती तुम्हाला परवडायची नाही’. एका कार्यालयात माझ्यासमोर एका म्हाताऱ्या बाईला, अर्ज चुकीच्या रकान्यात भरला म्हणून, सगळ्यांदेखत इतकं बोलले की तिचे हात थरथरायला लागले. मी त्या गृहस्थांना बाहेर चहाला नेऊन हे बोललो. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, ‘गुरुजी, आम्ही कोकणी माणसं म्हणजे फणस. वरून काटे, आत गरे.’

हे वाक्य नाटकांतून, मालिकांतून, भाषणांतून इतकं ऐकवलं गेलंय की लोक ते ओळखपत्रासारखं खिशात घेऊन फिरतात. आतल्या गऱ्यांची हमी दिली की वरचे काटे माफ. त्या म्हातारीला गरे कधी मिळणार होते? ती अर्ज परत घेऊन चार वाजताच्या एसटीने गेली.

पायपेटी, कुडाळ

मी दशावतारात पेटी वाजवतो. आमच्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते, हे बाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. संध्याकाळी गाडी देवळापाशी लागते, पेटारे उतरतात, तोंडाला रंग लावता लावता आख्यान ठरतं, प्रवेश ठरतात. बाकी सगळं वर गेल्यावर. समोरचा काय बोलला त्यावर तुमचं वाक्य उभं राहतं. म्हणून आमच्यात चांगला नट म्हणजे आधी चांगला ऐकणारा.

आमच्याकडे एक राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा नट, आला. देखणा, आवाज खणखणीत, पल्लेदार बोलायचा. त्याच्या एका युद्धप्रवेशाचा तुकडा कुणीतरी मोबाइलवर काढला आणि तो फार फिरला. मग जत्रेत पोरं त्याच वाक्याची मागणी करायला लागली, आणि तो ते द्यायला लागला. आख्यान कुठलंही असो, ते वाक्य येणारच.

एका रात्री हरिश्चंद्राचं आख्यान होतं. तारामतीचं काम आमच्यातला सगळ्यात जुना स्त्रीपार्टी (बाईचं काम करणारा पुरुष नट) करत होता. राज्य गेलंय, तिघं रस्त्यावर आलेत. त्याने रोहिदासाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘महाराज, बाळाने सकाळपासून पाणी मागितलेलं नाही. मागितलं तर आपल्याला देता येणार नाही हे त्याला कळलंय.’ असं वाक्य रोज सुचत नाही. समोर बसलेल्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. मी सूर अगदी बारीक धरून ठेवला, आता राजा मुलाजवळ बसेल म्हणून. राजा पुढे आला, मिशीला पीळ दिला आणि आपलं ते तलवारीचं वाक्य फेकलं. शिट्ट्या पडल्या. तारामतीचा हात तसाच पोराच्या खांद्यावर, आणि माझी बोटं पट्ट्यांवर तशीच.

पहाटे खोबरेल लावून रंग पुसताना म्हातारा त्याला एवढंच म्हणाला, ‘तू माझा आयकलंसच नाय. मगे बोलतलंस काय?’ तो हसला. ‘लोकांनी शिट्टयो मारल्यानी, बघलंस मां?’

त्याच्याशी कुणी भांडलं नाही. पण त्या हंगामापासून बाकीच्यांनी त्याला चांगलं वाक्य देणं बंद केलं. त्याच्याबरोबरचा प्रवेश आला की काम आटोपतं घ्यायचे. त्याला वाटायचं, माझ्यासमोर यांची बोबडी वळते. दोन जत्रांमध्ये त्याचे प्रवेश निम्म्यावर आले आणि शेवटपर्यंत त्याला त्याचं कारण उमगलं नाही. त्याचा गळा आजही उत्तम आहे. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्या रात्री तो खाली बसला असता तर ते आख्यान गाव कधी विसरलं नसतं.

धागाकर्ती

हे मी दोनदा वाचलं. इतरांनी त्याला चांगलं वाक्य देणं बंद केलं, ही बाब घरांनाही लागू आहे. ज्याला सगळं कळतं त्या वडिलांना मुलं हळूहळू काही सांगेनाशी होतात, आणि वडिलांना वाटतं घरात किती शिस्त आहे. गाण्याच्या स्पर्धांच्या टीव्ही कार्यक्रमांतले परीक्षक किंवा मोबाइलवरचे नवे ‘कलाकार’ यांच्याविषयी कुणाला लिहायचं असेल तर लिहा.

सुरंगी, रत्नागिरी

नोकरी लागली तेव्हा शहरात खोली बघत होते. घर छान, अंगणात प्राजक्त. काकूंनी आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात कुठली वाडी. वाडी सांगितल्यावर त्या आत गेल्या. काका मात्र मोकळे. म्हणाले, ‘आमच्याकडे तसलं काही नाही हं. पतितपावन मंदिर बघितलंस ना? १९३१ साली भागोजीशेठ कीरांनी बांधलं, सगळ्यांना मुक्त प्रवेश. बाकीचा महाराष्ट्र झोपला होता तेव्हा.’

चहा आला. त्यांचा कपबशीत, माझा स्टीलच्या पेल्यात. काका बोलतच होते, सहभोजनं कशी झाली, कोण कोण पंगतीला बसलं. त्यांना तो पेला दिसला नाही असं नाही, त्यांनीच तो ट्रेमधून उचलून माझ्या हातात दिला. खोलीविषयी निघताना कळलं, भाचा येणार आहे राहायला.

ते दुष्ट नव्हते. त्यांच्या मनात त्या मंदिराची जणू मुदत ठेव होती. कुणीतरी शिव्याशाप सोसून जमवलेली, आणि हे घरबसल्या तिचं व्याज खात होते. त्या चहाच्या वेळी त्यांना स्वतःला काही करायची गरजच वाटली नाही. मला सरळ ‘नको’ म्हणणारेही भेटले आहेत. तिथून मी रागाने निघाले होते. इथून निघताना मला आधी त्यांचे आभार मानावे लागले.

सातबारा, संगमेश्वर

गावाकडचा आहे, गावातच राहतो. गणपतीत आमच्या देवळासमोर सभा होते. मुंबईहून आलेले एक भाऊ दरवर्षी माइक घेतात. कोकणची जमीन विकू नका, आपली माती, आपली लाल माती. टाळ्या पडतात. त्यांच्या आणि आमच्या सामाईक सातबाऱ्यावर चाळीसच्या वर नावं आहेत, त्यातली निम्मी माणसं देवाघरी गेलेली. वारस नोंदीसाठी त्यांची सही हवी. दर वर्षी कागद तयार ठेवतो. ‘अरे, सणात कसले कागद काढतोस, भजन कर.’ अनंत चतुर्दशीनंतर गाडी सुटते. त्या जमिनीवर ना कर्ज मिळतं, ना कलमं लावता येतात, ना विहिरीचं अनुदान मिळतं. त्यांना मात्र आपण माती वाचवली याचं समाधान असतं.

बाजारपेठ, चिपळूण

आमचं कापडाचं दुकान. २६ जुलै २००५ च्या पुराची खूण सासऱ्यांनी खांबावर निळ्या ऑइलपेंटने मारून ठेवली होती, शेजारी तारीख. गिऱ्हाइकाला ती दाखवल्याशिवाय ते बिल करत नसत. ‘एवढं आलं, तरी उभे राहिलो. आता याच्यावर काय येणार?’ भारी माल त्या रेघेच्या हातभर वरच्या फळीवर ठेवायचा, असा त्यांचा नियम. बाजारातल्या कितीतरी दुकानांत तेव्हा हाच हिशोब चालायचा.

२१ जुलै २०२१ च्या रात्री पाऊस तुटेना. शेजारच्या मोबाइलच्या दुकानातला मुलगा दहा वाजता येऊन म्हणाला, काका, माल गच्चीवर घेऊया, मी आणि माझे मित्र आहोत. सासऱ्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, ‘बाळा, २००५ ला तू शाळेत होतास.’

२२ तारखेला वाशिष्ठीचं पाणी रेघ बुडवून वर गेलं, वरची फळी बुडवून वर गेलं. ओसरल्यावर आम्ही शटर उचललं तेव्हा पैठण्यांच्या घड्या एकमेकींना चिकटून विटेसारख्या जड झाल्या होत्या. एकीचा जांभळा रंग दुसरीच्या केशरीत उतरलेला. उलगडायला गेलं की जर सुटून बोटाला येत होती. लग्नसराईचा उरलेला सगळा माल तो. त्या मुलाने स्वतःचा माल वाचवला होता, आणि दुसऱ्या दिवशी तोच आमचा चिखल काढायला आला.

सासऱ्यांवर माझी माया आहे, म्हणून हे लिहिताना जपते आहे. रेघ मारली होती सावध राहण्यासाठी. आम्ही ती लोकांना दाखवण्यासाठी वापरली. आता खांब पूर्ण रंगवला आहे, नवी खूण मारलेली नाही. त्या जागी फळा आहे. जून ते सप्टेंबर त्यावर रोजच्या भरतीच्या वेळा लिहितो, कारण वरून पाऊस आणि खालून भरती एकत्र आली की शहरातलं पाणी खाडीला जाऊ शकत नाही. तो मुलगा येता-जाता फळा तपासतो. सासरे आता त्याला विचारतात.

घावणे, मालवण

आमच्याकडे दोन खोल्या पर्यटकांसाठी आहेत. मागे एक जण आला, कोकणावर व्हिडिओ करणारा, बघणारे पुष्कळ. सकाळी स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, मावशी, तो मिक्सर बाजूला ठेवता का? पाटा-वरवंटा नाही का तुमच्याकडे? पाटा होता, परसात उलटा पडलेला. धुऊन आणायला लावला. मी गॅसवर घावणे घालत होते, तर चुलीवर घालायला सांगितलं. धुराने डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने जवळून घेतलं. मग कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला, ‘बघा मित्रांनो, किती साधी माणसं, कसली हाव नाही.’

मला हाव नाही असं मी त्याला सांगितलेलं नव्हतं. मला मुलीच्या नर्सिंगची फी भरायची आहे. मी बुकिंगची वही ठेवते, हंगामाचे आणि बिगर हंगामाचे दर वेगळे लावते, कोकमाचं आगळ बाटल्यांत भरून विकते, आणि माझ्या घावण्यांना जाळी पडते कारण तांदूळ कुठला घ्यायचा ते मला कळतं. यातलं त्याने एकही विचारलं नाही. तो व्हिडिओ बघून येणारे आता जेवणाच्या दरावर घासाघीस करतात. म्हणतात, ‘तुम्ही तर साधी माणसं.’

टीव्हीवरही तेच. आमची बोली बोलणारं पात्र आलं की ते एक तर भूत बघणार नाही तर शेठजींच्या घरी पोछा मारणार. घरी सगळे हसतात, मीही हसत होते. मुलगी हसत नाही. तिला कॉलेजात बोली लपवावी लागते.

खडू, मंडणगड

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २६ जानेवारीला पाहुणे आले होते. त्यांनी भारतरत्नांची यादी म्हटली. महर्षी कर्वे १९५८, पांडुरंग वामन काणे १९६३, बाबासाहेब आंबेडकर १९९०, ज्यांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच तालुक्यात. ‘या मातीतच बुद्धी आहे. मुलांनो, तुम्हाला वेगळं काही करायची गरज नाही, ते तुमच्या रक्तात आहे.’ मुलं टाळ्या वाजवत होती.

सातवीतली एक मुलगी उभी राहिली. तिने विचारलं, सर, आठवीला जायला सकाळची गाडी मिळेल का? आमच्या गावात हायस्कूल नाही, पावसात तिकडची वाट बंद होते. पाहुणे प्रसन्न हसले. ‘बघा किती धीट! आमच्या मुली जात्याच हुशार.’ आणि माइक खाली ठेवला.

ते गेल्यावर मी वर्गात कर्व्यांची गोष्ट सांगितली. परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत घाट चढून चालत गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. पुढे १९१६ मध्ये त्याच माणसाने बायकांसाठी विद्यापीठ काढलं. हे रक्तातून आलेलं नाही, चालून आलेलं आहे. गाडीसाठी मी आणि पालकांनी आगारात अर्ज दिला आहे. पाठपुरावा चालू आहे.

परिचारिका, महाड

वरच्या शिक्षिकाबाईंना एक जोड देते. आमच्या भागात लाल विंचवाच्या दंशाने मुलं दगावणं हे एके काळी धरून चाललेलं होतं. ‘विंचू आहे, व्हायचंच’ असं माझ्या आधीच्या पिढीतल्या परिचारिका सांगायच्या. डॉ. हिंमतराव बावस्करांनी बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात काम करताना तसं धरलं नाही. रुग्णाच्या उशाशी बसून हृदय, रक्तदाब, फुप्फुसं यांचं काय होतं ते टिपत राहिले, आणि त्यातून प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरात आलं. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. मी नंतर अशाही ठिकाणी काम केलं जिथे साहेब केसपेपरवर दोन शब्दांच्या पुढे लिहीत नसत. ‘पाठ आहे सगळं’ म्हणायचे. त्यांच्या हाताखाली शिकायला काही उरलं नाही, कारण कागदावर काही नव्हतं.

कलमबाग, देवगड

हापूसवर अजून कुणी लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटतं, म्हणून मीच लिहितो. मी त्यातलाच आहे, त्यावरच जगतो. २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला आनंद झाला. माझा राग आंब्यावर नाही.

आमच्याकडचे एक मोठे बागायतदार. ‘आमच्या बागेत साका नाही’ हे त्यांचं ब्रीद. साका म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगतो. फळ वरून सोन्यासारखं, वासाला घमघमीत, कापलं की कोयीलगत पांढुरकी, भुसभुशीत, आंबट पट्टी. बाहेरून बघून, दाबून, हुंगून कळत नाही. एकदा परगावच्या गिऱ्हाइकाने त्यांच्याच पडवीत पेटी उघडून आंबा कापला. पांढरी पट्टी स्पष्ट दिसत होती. मालक म्हणाले, ‘तुम्ही सुरी चुकीची लावलीत.’ दुसरा कापला. तोच प्रकार. ‘तुम्हाला हापूसची सवय नाही.’ गिऱ्हाईक गप्प बसलं, पैसे दिले आणि गेलं. परत आलं नाही. त्यांच्या गड्याला माहीत होतं की उतरवलेलं फळ उन्हात तापतं. गड्याला कुणी विचारलं नाही.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ काढला, त्याला साका होत नाही. त्याचं नाव काढलं तरी आमच्याकडे लोक दुखावतात. हापूस सोडा असं कोण म्हणतंय? बांधाला चार झाडं लावून बघायला काय हरकत आहे, एवढंच मी बैठकीत म्हटलं, तर मला ‘तू देवगडचा ना?’ असं विचारलं गेलं.

ओहोळ, लांजा

कलमबाग, माझ्याकडे थोडी कातळाची जमीन आहे. रत्ना होईल का तिथे? आणि हापूसचा साका कमी करायला तुम्ही काय करता?

कलमबाग, देवगड

कातळावर खड्डा फोडून, बाहेरची चांगली माती भरून लावावं लागेल, म्हणजे हापूससारखंच. कलमं विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून घ्या. पाऊस सुरू झाल्यावर लावा आणि पहिले उन्हाळे पाणी द्या, म्हणजे तुम्ही वर लिहिलेल्या बंधाऱ्याचं आधी बघा. साका कमी व्हावा म्हणून आम्ही फळ चौदा आणे (सोळापैकी) तयार झालं की उतरवतो, त्यापुढे झाडावर ठेवत नाही, नूतन झेल्याने (फळ काढायच्या जाळीच्या काठीने) देठासकट काढतो, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, आणि काढलं की लगेच सावलीत नेतो. झाडाखाली पाचोळ्याचं आच्छादन ठेवतो, जमीन कमी तापते. साका पूर्ण जात नाही, पुष्कळ कमी होतो. पेटी देताना आम्ही हे गिऱ्हाइकाला सांगतो आणि खराब निघालेलं फळ बदलून देतो.